आपल्या पायाखालचा काळा दगड

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



व्याख्यानाची जबाबदारी मंडळानं आमच्यावर टाकली, तेव्हा आम्ही आधीच सांगून टाकलं की आम्ही प्राध्यापक नाही, भूवैज्ञानिक तर मुळीच नाही. आम्ही सिव्हिलचा डिप्लोमा केलेले, राज्य सरकारच्या नोकरीत असलेले साधे कर्मचारी. कालवा असो, पूल असो, इमारत असो, पायासाठी जमिनीत भोक पाडायचं आणि खालून काय वर येतं त्याची वहीत नोंद करायची, हे आमचं रोजचं काम. काळी माती, पिवळी माती, रेती, चिकण, पुन्हा रेती. वर्षानुवर्षं हे लिहून झालं की माणसाला प्रश्न पडतोच, याच्या खाली काय? आमचं भोक पंधरा-वीस मीटरवर थांबतं. ज्यांचं भोक तीन-तीन किलोमीटर खाली जातं, त्या लोकांना खाली काय सापडलं? त्या कुतूहलापोटी जे वाचलं, जाणत्यांना विचारलं आणि समजून घेतलं, ते आज आपल्यापुढे मांडतो.

विषय आहे काळा शेल. शेल म्हणजे चिखलाचा झालेला दगड. या दगडातून खनिज तेल येतं आणि आपल्या सुरतेत कितीतरी मराठी घरांची चूल त्या तेलावर आणि गॅसवर चालली आहे. कुणी अंकलेश्वरला तेलक्षेत्रात नोकरीला लागलं, कुणी हजिऱ्याच्या कारखान्यांत, कुणी रसायनांच्या कंपनीत. आणि गिरणी-लूमवाल्यांनी वेगळं समजू नये. पॉलिएस्टरचा धागासुद्धा तेलातूनच येतो. म्हणजे साडी विणणारे आपणही त्या काळ्या दगडाचेच देणेकरी.

आता चिखलाचा दगड कसा होतो ते पाहू. २००६च्या ऑगस्टमधला तापीचा पूर इथल्या प्रत्येकाला आठवतो. पाणी ओसरल्यावर घरात काय उरलं होतं? गाळ. कपाटात, गादीखाली, देवघरात, सगळीकडे बोटबोट, वीतवीत गाळ. आपण तो फावड्यानं काढला, आठवडाभर धूत बसलो. निसर्ग तो काढत नाही, तिथेच राहू देतो. पुढच्या पुरात त्याच्यावर दुसरा थर, मग तिसरा. हिशेब करून पाहा. वर्षाला फक्त एक मिलीमीटर गाळ बसला, तरी दहा लाख वर्षांत एक हजार मीटर होतो. पृथ्वीच्या वयात दहा लाख वर्षं म्हणजे आपल्या आयुष्यातला जेमतेम एक आठवडा. वरच्या थरांच्या वजनानं खालच्या थरातलं पाणी पिळून निघतं, चिखल घट्ट होतो आणि त्याचा पातळ पापुद्र्यांचा दगड बनतो. तो शेल. त्याच्यावर आणखी दाब आणि उष्णता आली की त्याची पाटी होते. हो, आपल्यापैकी ज्येष्ठांनी ज्या दगडी पाटीवर ग म भ न गिरवलं, ती पाटी म्हणजे एके काळचा चिखलच.

पण प्रत्येक चिखल काळा नसतो, आणि प्रत्येक चिखलातून तेल येत नाही. मग काळा चिखल कुठे बनतो? विसर्जनाच्या कृत्रिम तलावाजवळ चार दिवसांनी गेलात तर कळेल. शाडूची मूर्ती विरघळून तळाशी बसलेली असते. तिच्यात चुकून दूर्वा, फुलं, पानं मिसळली गेली असतील आणि पाणी वाहतं नसेल, तर पाण्यातला प्राणवायू संपतो. तो संपला की फुलं नीट कुजत नाहीत. खालचा चिखल काळा पडतो आणि सडलेल्या अंड्यासारखा वास येऊ लागतो. हा वास हायड्रोजन सल्फाइडचा. वाहत्या नदीत असं होत नाही, कारण तिथे प्राणवायू भरपूर असतो, पालापाचोळा लवकर कुजून नाहीसा होतो. तेव्हा काळ्या शेलची पाककृती इतकीच: बारीक गाळ, भरपूर जीवजंतू-वनस्पती आणि प्राणवायू नसलेलं संथ पाणी. समुद्राच्या एखाद्या कोंडलेल्या भागात, खाडीत, दलदलीत हे तिन्ही एकत्र आले आणि लाखो वर्षं तसेच राहिले, तर काळ्या शेलचे थर तयार होतात. दगडात शंभरात एक-दोन भाग सेंद्रिय कार्बन असला, तरी भूवैज्ञानिक त्याच्याकडे आशेनं पाहू लागतो.

आपल्या महाराष्ट्रात काळा दगड म्हटला की सह्याद्रीचा कातळ डोळ्यांपुढे येतो. रायगड, दौलताबाद, वेरूळचं कैलास लेणं सगळं त्या कातळातलं. तो काळा दगड अग्नीतून आला, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारस थंड होऊन. आज ज्याची गोष्ट चालली आहे तो काळा दगड पाण्यातून आला. रंग एक, कुळं वेगळी. पण पाण्यातला काळा दगडही आपल्या घरी आहेच. तुळशीच्या लग्नाला आपण जो शाळिग्राम पूजतो, तो नेपाळातल्या काली गंडकीच्या पात्रातून येतो. तिथल्या डोंगरात पुरातन समुद्राच्या तळाचा काळा शेल आहे. त्याच्या गोट्यांमध्ये अमोनाइट नावाच्या, चक्रासारखी शंखाकृती असलेल्या समुद्री प्राण्यांचे अवशेष अडकलेले असतात. वय साधारण पंधरा कोटी वर्षं. आपल्या पूर्वजांनी त्या चक्रात विष्णू पाहिला, वैज्ञानिकांनी हिमालयाच्या जागी असलेला समुद्र पाहिला. आम्हाला या दोन्हींत भांडण दिसत नाही. दोघांनीही तो दगड जपूनच ठेवला.

हिमालयाचं नाव निघालं म्हणून सांगतो. हिमालयाच्या खडकांचा ज्यांनी आयुष्यभर अभ्यास केला ते दाराशा नौशेरवान वाडिया मूळचे आपल्या सुरतेचे. जन्म १८८३, इथलाच. पुढे बडोद्यात शिकले, १९०७ मध्ये जम्मूच्या कॉलेजात शिकवायला गेले. सुट्टीत मुलांना घेऊन डोंगर हिंडायचे. भारताच्या भूविज्ञानावर त्यांनी लिहिलेलं पुस्तक १९१९ मध्ये आलं आणि पुढच्या कित्येक पिढ्या त्यावर शिकल्या. १९२१ मध्ये, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, ते भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात रुजू झाले. १९५७ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीनं त्यांना फेलो केलं, १९५८ मध्ये पद्मभूषण मिळालं. डेहराडूनची हिमालयाच्या भूविज्ञानाची मोठी संस्था आज त्यांच्या नावानं ओळखली जाते. सुरतेची ओळख हिरे आणि साड्या एवढीच नाही, हे आपल्या मुलांना ठाऊक असायला हवं.

आता आपण बसलो आहोत त्या जमिनीखाली जाऊ. त्यासाठी आधी गाडीत बसावं लागेल. आपल्यापैकी बहुतेकांची गावं खानदेशात. सुरतेहून भुसावळ लाइननं निघालं की बारडोलीपर्यंत सपाट काळी जमीन, ऊस आणि केळी. व्यारा मागे पडलं की टेकड्या सुरू होतात, सोनगडला गायकवाडांचा किल्ला दिसतो, नवापूरला आपण महाराष्ट्रात शिरतो. नंदुरबारकडे तर भिंती बांधाव्यात तशा कातळाच्या लांबच लांब रांगा उभ्या दिसतात. गाडीतून पाहणाऱ्याला वाटतं, कातळ सोनगडला सुरू होतो. खरं म्हणजे तो तिथे फक्त जमिनीवर येतो. पश्चिमेला तो खाली खाली जात राहतो आणि अंकलेश्वर-भरूचकडे काही किलोमीटर खोल बुडालेला आहे. तेलविहीर खणणारे त्या कातळाला लागले की समजतात, तळ आला.

हे असं का झालं? लाव्हारस ओतून झाला, त्यानंतर इथली जमीन दोन मोठ्या भेगांमध्ये खचली. शाळेत आपण नर्मदा-तापीच्या खचदऱ्या शिकलो, तशीच ही तिसरी, उत्तर-दक्षिण जाणारी. राजस्थानातल्या सांचोरपासून सुरतेपर्यंत चारशे किलोमीटरहून लांब. तिला खंभातचं खोरं म्हणतात. खचलेल्या या द्रोणीत आजूबाजूच्या कातळाचा चुरा, गोटे, माती वाहून आली आणि पहिला थर बसला. भूवैज्ञानिकांनी त्या थराला नाव दिलं ओलपाड. हो, आपलं शेजारचं ओलपाड. ज्या गावाला आपण तालुक्याच्या कामाला जातो, त्याचं नाव जगभरच्या भूवैज्ञानिकांच्या तोंडी आहे.

त्यानंतर समुद्र आत आला. साधारण साडेपाच ते पाच कोटी वर्षांपूर्वीचा काळ. तेव्हा भारत एखाद्या तराफ्यासारखा उत्तरेकडे सरकत होता आणि आपला हा भाग विषुववृत्ताच्या जवळपास होता. दाट जंगलं, दलदली, उथळ खाड्या. त्यात पानं, लाकूड, शेवाळ, समुद्री सूक्ष्म जीव आणि बारीक गाळ लाखो वर्षं बसत राहिला. तोच खंभात शेल. गडद राखाडी ते काळा, काही ठिकाणी हजार मीटरहून जाड. खोऱ्यातल्या तेलाचा मुख्य जन्मदाता हाच खडक.

तेल दगडातून येतं म्हणजे नेमकं काय होतं? पुष्कळांना वाटतं की जमिनीखाली तेलाचं तळं असतं आणि पंप लावला की झालं. तसं तळं कुठेच नाही. चिखलात अडकलेल्या सेंद्रिय द्रव्याचं आधी केरोजेन नावाचं घट्ट, मेणचट द्रव्य बनतं. दगड खाली खाली जातो तसा तापतो. साधारण साठ अंशांच्या पुढे केरोजेनमधून तेल सुटू लागतं, एकशेवीस ते दीडशे अंशांच्या पुढे तेलही मोडून गॅस होतो. म्हणजे आच कमी पडली तर कच्चं, जास्त झाली तर करपलं. स्वयंपाकघरातलाच न्याय. भूवैज्ञानिकही अशा जागेला तेलाचं स्वयंपाकघर म्हणतात. आपल्या खंभातच्या खोऱ्यात जमिनीखालची उष्णता सरासरीपेक्षा जास्त आहे, त्यामुळे इथलं चुलाण चांगलं पेटलेलं होतं.

तयार झालेलं तेल शेलमध्ये राहायला जागा नसते, कारण शेल घट्ट. ते दाबानं बाहेर ढकललं जातं आणि शेजारच्या वाळूच्या दगडात शिरतं. वाळूच्या कणांमध्ये पोकळ्या असतात, पाव बुडवला की चहा शोषला जातो तसं तेल त्यात भरतं. पाण्यापेक्षा हलकं असल्यानं ते वर वर चढतं आणि वर घट्ट झाकण नसेल तर जमिनीवर येऊन उडून जातं. अंकलेश्वरला झाकण आहे. तिथे खाली खंभात शेल, त्यावर जुन्या नदीच्या मुखाशी साचलेली वाळू, आणि मध्ये-वर पुन्हा शेलचे पातळ थर. एकच दगड एका ठिकाणी चूल आणि दुसऱ्या ठिकाणी झाकण. शिवाय हे थर थोडे कमानीसारखे वाकलेले आहेत, म्हणून तेल कमानीच्या माथ्याशी अडकून राहिलं.

काळा शेल घेऊन भूवैज्ञानिक करतो काय, हेही सांगायला हवं, कारण खरं संशोधन तिथे आहे. विहिरीतून आलेला तुकडा दळून त्याची चिमूटभर पूड घेतात आणि प्राणवायूशिवाय बंद भट्टीत हळूहळू तापवतात. आधी दगडात मोकळं असलेलं थोडं तेल वाफ होऊन निघतं. ते मोजतात. मग तापमान आणखी वाढवलं की केरोजेन फुटून जे निघतं तेही मोजतात. कोट्यवधी वर्षांचं काम भट्टीत अर्ध्या तासात करून पाहायचं. सर्वांत जास्त वाफ किती अंशांवर निघाली त्यावरून कळतं की दगड कच्चा आहे, शिजला आहे की करपला आहे. दुसरी रीत आणखी सोपी. दगडातले परागकण सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे. ते कच्च्या दगडात पिवळे असतात, शिजलेल्यात नारिंगी-तपकिरी आणि करपलेल्यात काळे. तव्यावरच्या भाकरीचा रंग पाहून आपली आई जे ओळखते, तेच. अशा कामांसाठी आपल्या देशात डेहराडूनला १९६२ पासून मोठी संस्था आहे, तिला केशवदेव मालवीयांचं नाव आहे.

तेल सजीवांपासूनच आलं हे कशावरून, असा प्रश्न गेल्या वर्षी एका तरुणानं आम्हाला विचारला होता. उत्तर १९३० च्या दशकात आलं. आल्फ्रेड ट्राइब्स नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला खनिज तेलात असे रेणू सापडले, जे पानांतल्या हरितद्रव्यापासूनच येऊ शकतात. म्हणजे गाडीच्या टाकीत आपण जे भरतो, ती कधीकाळची हिरवी पानं आणि शेवाळ. कोट्यवधी वर्षांपूर्वीचं ऊन त्यात साठवलेलं आहे.

आता थोडा इतिहास. आसामात दिगबोईला १८८९ पासून तेल होतं, पण पश्चिम भारतात तेल मिळेल यावर अनेक परदेशी जाणकारांचा विश्वास नव्हता. मालवीयांनी हट्ट धरला. १९५६ मध्ये तेल आणि नैसर्गिक वायू आयोग स्थापन झाला, सोव्हिएत तज्ज्ञांची मदत घेतली गेली. सप्टेंबर १९५८ मध्ये खंभातजवळ लुणेजच्या विहिरीत तेल लागलं. आणि मग मे १९६०. या महिन्याची आठवण आपल्याला वेगळ्या कारणानं आहे. १ मे रोजी मुंबई राज्याचे दोन भाग झाले, महाराष्ट्र आणि गुजरात. आपल्यापैकी कित्येक घरं त्या दिवशी बसल्या जागी परराज्यात गेली. त्याच महिन्यात अंकलेश्वरला तेल लागलं. पंडित नेहरूंनी त्या विहिरीला नाव दिलं वसुधारा. आमच्या वडीलधाऱ्यांच्या पिढीतले कितीतरी लोक त्या काळात जळगाव, धुळ्याकडून इकडे आले आणि परत गेले नाहीत. वर राज्यांची वाटणी चालली होती, खाली दगडाला त्याची काही खबर नव्हती.

ती खबर दगडाला आजही नाही. १९७४ मध्ये सागर सम्राट या तेलखोदाईच्या रिगनं मुंबईजवळच्या समुद्रात तेल शोधलं, ते बॉम्बे हाय. तिथलं तेल चुनखडीत साठलेलं असलं तरी ते जन्मलं त्याच काळाच्या आसपासच्या काळ्या शेलमध्ये. १९७६ मध्ये शेजारी मोठं वायुक्षेत्र सापडलं, त्याला नाव मिळालं वसईचं. चिमाजी अप्पांची वसई. तो वसईचा गॅस समुद्राखालच्या नळानं कुठे येतो? आपल्या हजिऱ्याला. त्या गॅसमध्ये हायड्रोजन सल्फाइड असतो, विसर्जनाच्या तलावाजवळ येतो तोच वास. हजिऱ्याला तो आधी काढून टाकतात, त्यातून गंधक मिळवतात आणि शुद्ध गॅस पुढे विजयपूर, जगदीशपूरपर्यंत जातो. कोकणच्या समुद्रातला गॅस गुजरातच्या किनाऱ्यावर स्वच्छ होऊन उत्तर प्रदेशात खत बनवतो.

हे आम्ही मुद्दाम सांगतो आहोत. आपल्या मुलांना शाळेत, कॉलेजात अजूनही विचारतात, तुम्ही मूळचे कुठले? तीन-तीन, चार-चार पिढ्या इथे गेल्या तरी प्रश्न संपत नाही. गावी गेलं की तिथले म्हणतात, तुम्ही सुरतचे. आम्ही आता मुलांना एकच उत्तर शिकवलं आहे. सह्याद्रीचा जो कातळ आपल्या गावी डोंगर होऊन उभा आहे, तोच इथे आपल्या पायाखाली जमिनीचा तळ होऊन बसला आहे. तो खाली आहे म्हणून त्याच्यावर हा सगळा गाळ टिकला आणि त्यात संपत्ती जमली. तळाशी असणं म्हणजे परकं असणं नव्हे.

आता शेवटचा आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा भाग. खंभात शेल पाहायला तीन किलोमीटर खोल जावं लागत नाही. आपल्याच सुरत जिल्ह्यात, मांगरोळ तालुक्यात वस्तान आहे. तिथे लिग्नाइटच्या उघड्या खाणी आहेत, तो कोळसा नानी नरोलीच्या वीजकेंद्रात जळतो. कोळशाच्या थरांच्या मधे हाच शेल उघडा पडलेला आहे. त्यात वैज्ञानिकांना काय काय सापडलं? जगातल्या सर्वांत जुन्या वटवाघळांपैकी काही. बेडूक, साप, पक्षी. घोडे आणि गेंडे यांच्या घराण्याच्या मुळाशी असलेला एक मेंढीएवढा-डुकराएवढा प्राणी, ज्याला २००५ मध्ये खंभातच्या नावावरून कँबेथेरियम असं नाव दिलं गेलं. डॉ. अशोक साहनी यांच्यासारख्या ज्येष्ठ भारतीय संशोधकांनी आणि परदेशातल्या चमूंनी तिथे वर्षानुवर्षं काम केलं. भारत आशियाला चिकटण्याच्या सुमारास इथे कोणते प्राणी होते, घोड्याचे पूर्वज कुठून निघाले, या जगभराच्या प्रश्नांची उत्तरं आपल्या जिल्ह्यातल्या चिखलात आहेत.

आणि राळ. आरतीच्या वेळी धुपात जी राळ टाकतो ती सालाच्या झाडाची. वस्तानला त्याच कुळातल्या झाडांची पाच कोटी वर्षांपूर्वीची राळ दगड होऊन सापडली. तिच्यात पन्नासहून अधिक कुळांतले किडे, माश्या, मुंग्या, कोळी जसेच्या तसे अडकलेले आहेत. २०१० मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झालं आणि जगभर गाजलं. ही झाडं आपल्याकडे बाहेरून आली की इथूनच पुढे गेली, याची चर्चा तेव्हापासून नव्यानं सुरू झाली.

पण खाण म्हणजे संग्रहालय नव्हे. खाण पुढे सरकते, कोळसा भट्टीत जातो, मधली माती ढिगाऱ्यावर जाते. कोळसा संपला की खड्ड्यात पाणी भरतं आणि खिडकी बंद होते. जे उघडं आहे तेवढ्या काळात कुणी पाहिलं तर पाहिलं. खाणीला दोष देण्यात अर्थ नाही, ती नसती तर हे थर दिसलेच नसते. प्रश्न आहे तो आपल्या उदासीनतेचा. चाळीस-पन्नास किलोमीटरवर हे सगळं आहे आणि आपल्या मुलांनी डायनोसॉरची पुस्तकं परदेशातून मागवायची.

तेलाचंही तेच. अंकलेश्वरच्या जुन्या विहिरींतून आता तेलापेक्षा पाणी जास्त येतं. शेलमध्येच अडकून राहिलेला गॅस काढता येईल का, याची चाचपणी २०१३ मध्ये जंबुसरला विहीर खणून झाली, पण आपली निकड मोठी आहे. देशाला लागणाऱ्या दर शंभर पिंपांतली पंच्याऐंशीहून जास्त पिंपं बाहेरून येतात. कोट्यवधी वर्षांत जमलेलं एका-दोन शतकांत जाळतो आहोत, आणि जाळताना दगडात गाडला गेलेला कार्बन पुन्हा हवेत सोडतो आहोत. ज्यांची रोजीरोटी या उद्योगावर आहे त्यांना हे ऐकायला कडू वाटेल. आमच्याही घरातले लोक तिथे आहेत. पण आपली मुलं पन्नाशीला येतील तेव्हा या शहराची चूल कशावर पेटेल, हा विचार आजच व्हायला हवा, आणि तो रागानं नव्हे तर माहितीनं व्हायला हवा.

म्हणून मंडळापुढे तीन छोट्या सूचना ठेवतो. एक, पुढच्या वर्षी मुलांची सहल वस्तानच्या परिसरात न्यावी, रीतसर परवानगी घेऊन, भूविज्ञान शिकवणाऱ्या कुणा प्राध्यापकांना बरोबर घेऊन. दोन, आपल्या सोसायट्यांत बोअर मारली जाते तेव्हा किती फुटांवर काय लागलं हे कुणीच लिहून ठेवत नाही. ते लिहावं. तारीख, जागा, खोली, मातीचा रंग, पाणी गोड की खारं. दर दहा फुटांवरची मूठभर माती प्लॅस्टिकच्या पिशवीत चिठ्ठी घालून ठेवावी. शंभर बोअरच्या नोंदी जमल्या तर सुरतेखालच्या मातीचा एक नकाशा आपल्याच मंडळाकडे तयार होईल. त्यासाठी वही आणि फॉर्म आम्ही करून देतो, भरायचं कसं तेही शिकवतो. तीन, बारावीनंतर इंजिनिअरिंग नाहीतर वैद्यकीय एवढंच मुलांपुढे ठेवू नये. एखाद्या मुलीला दगड गोळा करायचा नाद असेल तर तिला ओरडू नये. वाडियांच्या गावची आहे ती.

आम्ही आपला बराच वेळ घेतला. विज्ञानातलं काही जड झालं असेल तर नंतर चहाच्या वेळी विचारावं, जमेल तेवढं सांगू.

गणपती बाप्पा मोरया!